बारा-तेराचा पाना

“शेवंते, हात धुऊन ये गं. पाना पडला.”

ह्यांची हाक आली तेव्हा मी पाट्यावर पुरण वाटत होते. वाटत कसलं, ठेचत होते. राग कुणावर तरी काढायचाच तर पुरणावर काढलेला बरा, ते उलटून बोलत नाही. खंडेनवमीचा दिवस, सकाळचे साडेआठ वाजलेले, आणि माझ्याच घरात माझं कुणी ऐकत नव्हतं.

“आले!” असं ओरडून मी हात धुतले आणि बाहेर गेले.

आमचं गॅरेज म्हणजे हेळवाकला रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड, आणि तिला चिकटून मागं आमचं दोन खोल्यांचं घर. चिपळूणकडं जाणाऱ्या गाड्या कुंभार्ली घाट उतरायच्या आधी आमच्याकडं थांबायच्या. ब्रेक बघ, पाणी बघ, हवा बघ. ह्यांचा हात कामात मोठा चांगला, पण पंजा फावड्याएवढा. इंजिनात काही पडलं की मनगटाशीच अडायचा. माझा हात बारीक. कासारीण बांगड्या भरायला आली की माझ्यासाठी लहान पोरींच्या मापाचा डबा उघडायची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली आणि मग रीतच पडली. नट पडला, स्क्रू पडला, पाना पडला की मी चुलीपुढनं उठायची, बोनेटखाली कोपरापर्यंत हात घालायची आणि डोळे मिटून चाचपत वस्तू वर काढायची. गिऱ्हाइकं हसायची. हे नाही हसायचे. “हिच्या बोटांना डोळे हायेत,” असं म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी बोनेट उघडं होतं ते दाजींच्या फियाटचं. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे, द्वारकावन्संचे यजमान. ह्यांचे दाजी म्हणून मीही त्यांना दाजीच म्हणायची. चिपळुणात त्यांची लाकडाची वखार होती, जुनी का होईना गाडी होती, घरात सगळं होतं. मूल तेवढं नव्हतं. दोघं आदल्या दिवशी आले ते आमच्या उजूला न्यायला. सात वर्षांची माझी पोर, एकुलती एक.

“दिवाळीपर्यंत राहू दे की आमच्यात,” असं वन्सं जेवताना म्हणाल्या. हात धुताना म्हणाल्या, “तिथली शाळा किती चांगली हाय, शेवंता.” आणि सकाळी मी बघते तर उजूच्या पिशवीत फ्रॉकांच्या खाली पाटी आणि पुस्तकं.

“ही कशाला?” मी ह्यांना विचारलं.

“अभ्यास बुडू नये म्हणून. अक्का घेईल तिच्याकडनं करून.”

“आणि दिवाळीनंतर?”

“दिवाळीनंतर बघू की.”

ह्या माणसाचं ‘बघू’ मला पाठ होतं. आई लहानपणीच गेली, थोरल्या बहिणीनं कडेवर घेऊन वाढवलं, तिच्यापुढं ह्यांच्या तोंडातनं ‘नाही’ कधी निघालंच नव्हतं. ‘बघू’ म्हणजे पोर दिली.

“मी न्हाई पाठवायची तिला,” मी म्हटलं.

“आगं, आत्याकडं चाललीय ती. काळ्या पाण्यावर न्हाई.”

“तुमच्या बहिणीला पोर न्हाई त्यात माझा काय गुन्हा?”

हे बोलू नये असं मी बोलले, आणि वन्सं दारातच उभ्या होत्या. त्या पाठ फिरवून बाहेर गेल्या. हे मात्र असे बघायला लागले की मी तिथनं उठून पुरणावर जाऊन बसले. तिथंच ही हाक आली.

घाट चढताना दाजींची गाडी धक्के खात होती म्हणून ह्यांनी कार्बोरेटर साफ करून परत बसवायला घेतला होता. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. सगळे पाने, पक्कड, हातोड्या रॉकेलनं धुऊन, पुसून गोणपाटावर ओळीनं मांडले होते. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. म्हणून पूजेच्या आधी हे काम उरकायची घाई. शेवटचा नट आवळताना बारा-तेराचा पाना ह्यांच्या हातातनं सटकला. टण्ण् असा आवाज मला आत ऐकू आला होता.

“कुठं पडला?” मी विचारलं.

“स्टेअरिंगच्या बाजूला गेल्यागत वाटला. बघ जरा.”

मी हात घातला. दाजी घड्याळाकडं बघत शेजारी उभे होते, त्यांनाही घरी जाऊन वखारीच्या करवतींची पूजा करायची होती. उजू नवा फ्रॉक घालून पुढच्या सीटवर वन्संच्या मांडीवर बसली होती. वन्सं तिची वेणी घालत होत्या. लेक माझी, आणि वेणी त्या घालत होत्या.

“लागला का?” ह्यांनी विचारलं.

“न्हाई.”

“दांड्याच्या मागं बघ. तिथं खाच हाय.”

स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा एक लोखंडी दांडा आत पुढं-मागं होतो. गॅरेजवाल्याच्या बायकोला एवढं कळतं. मी परत हात घातला, बराच वेळ चाचपलं, आणि काढून घेतला.

“न्हाई म्हटलं की. खाली पडला असंल.”

ह्यांच्या उस्तादाचा एक नियम होता आणि हे तो देवाच्या आरतीसारखा पाळायचे. हातातनं पडलेलं हत्यार सापडल्याबिगर बोनेट लावायचं नाही. एकदा एका जीपवाल्याला ह्यांनी नखाएवढ्या स्क्रूसाठी दोन तास थांबवून ठेवलं होतं. तो शिव्या देत होता, हे शोधत होते. म्हणून मी पदराला हात पुसत निवांत उभी राहिले. गाडी आता कुठं जात नाही.

“हणमंता, असंल इथंच खाली,” दाजी म्हणाले. “गाडी हलली की सापडंल. लई उशीर झाला.”

हे माझ्याकडं वळले.

“तुला न्हाई लागला न्हवं?”

“न्हाई.”

ह्यांनी बोनेट लावलं.

मी बघतच राहिले. दाजी आत बसले, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वन्संनी मान वळवून माझ्याकडं बघितलं नाही. उजूनं खिडकीतनं हात बाहेर काढला. “आये, येतो गं!” पोर खुशीत होती. धुरळा उडाला आणि गाडी चिपळूणच्या अंगाला गेली.

मी आत गेले. पुरण तसंच पाट्यावर होतं. त्याला हात लावावा असं वाटेना. बाहेर हे गाडी उभी होती तिथं वाकून बघत होते, कारण एक पाना कमी असताना पूजा मांडता येत नव्हती. गोणपाटावर दहा-अकराच्या शेजारी मोकळी जागा राहिली होती.

“शेवंते,” ह्यांनी हाक मारली. आवाज निराळाच होता. “हिकडं ये.”

गेले. हे उकिडवे बसले होते. सण म्हणून आदल्या रात्री मी सगळी शेड सारवून काढली होती. गाडीच्या चाकांचे पट्टे सोडले तर जमीन कशी स्वच्छ, हिरवीगार.

“शेण ओलं हाय अजून,” हे म्हणाले. “पाना पडला असता तर वण उठला असता. एक वण न्हाई.”

मी चाकांच्या पट्ट्यांकडं बघत राहिले.

“म्हंजी खाली पडलाच न्हाई. गाडीतच ऱ्हायला.”

“मग काढतील की चिपळूणला,” मी म्हटलं.

ह्यांनी मान वर केली. माझ्या नवऱ्याचा रंग काळा. काळ्या माणसाचं तोंड पांढरं पडतं हे मी त्या दिवशी बघितलं.

“सरळ रस्त्याला काय न्हाई व्हायचं,” हे हळू बोलायला लागले, जणू स्वतःलाच सांगत होते. “दांडा थोडाच हलतो. पण घाटात उजवं वळण पुरं कापाया लागलं की दांडा पार मागं येतो. तिथं पाना असला तर दांडा अडतो. स्टेअरिंग फिरतच न्हाई मग. गाडी सरळ जाती.”

घाटात सरळ कुठं जाते, हे मला कुणी सांगायला नको होतं.

आता खरं सांगते. पाना मला लागला होता. पहिल्यांदा हात घातला तेव्हाच लागला होता. दांड्याच्या मागं, खाचेत, उभा अडकलेला. त्याचं गार तोंड माझ्या मधल्या बोटाला लागलं होतं. चिमटीत धरून वर ओढायचा अवकाश होता. मी नाही ओढला. मनात एकच आलं, पाना नाही सापडला तर बोनेट लागत नाही आणि बोनेट लागलं नाही तर पोर जात नाही. तासभर शोधतील, मग पूजा, मग जेवणं, मग दाजी म्हणतील आता उद्याच निघू. तेवढ्या वेळात मी काहीतरी करून ह्यांचं मन वळवीन. दुसऱ्यांदा हात घातला तो नुसता ढोंगाचा. पान्यावरनं बोट फिरवलं आणि काढून घेतलं.

बोनेट लागलं तेव्हा का नाही ओरडलीस, असं विचाराल. मीही स्वतःला विचारलंय. ओरडून सांगायचं काय? वन्संच्या पुढं, दाजींच्या पुढं, पोरीच्या पुढं? आत्ता घडीभरापूर्वी ज्या बाईला मी नको ते बोलले, तिच्यापुढं मी खोटारडी ठरणार होते. मी गप्प बसले. गाडीत पाना राहिला म्हणजे काय होतं, ह्याचा विचार मी केलाच नव्हता. आणि हा माणूस तो माझ्यापुढं मोठ्यानं करायला लागला तेव्हा मी शेडच्या खांबाला धरलं.

“किती वेळ झाला जाऊन?” ह्यांनी विचारलं.

“पंधरा... वीस मिनिटं.”

“चल.”

आमची एक जुनी राजदूत फटफटी होती. तिला लाथा घातल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही, त्या दिवशी तर अकरा लाथा घातल्या. मी एकेक मोजली. मग मी मागं बसले, पदर खोचला आणि ह्यांच्या कमरेला मिठी मारली. घर उघडं, चूल पेटती, हत्यारं तशीच गोणपाटावर. कुणाला काय सांगायलाही थांबलो नाही.

हेळवाकपासनं घाटमाथा दहा-बारा किलोमीटर. रस्ता तोवर बरा आहे, झाडीतनं जातो. वारं कानात नुसतं घोंघावत होतं, त्यातनं हे ओरडून बोलत होते.

“माझीच चूक झाली गं! बोनेट लावाया नको हुतं मी! उस्ताद असता तर पायताणानं हाणला असता मला!”

मी ह्यांच्या पाठीला तोंड लावून बसले होते. बोलायचं होतं. ‘तुमची नाही, माझी’ एवढे तीनच शब्द. घशापर्यंत यायचे आणि परत जायचे. दर वेळी मनाशी म्हणायची, पुढच्या पुलाशी सांगू. पूल मागं पडायचा. मग म्हटलं, त्या मोठ्या आंब्यापाशी. तोही गेला.

“कशी नजरचूक झाली म्हणावं!” हे परत ओरडले. “माझ्या पोरीला काय झालं तर!”

मी नाईकबाला नवस बोलायला गेले आणि शब्दच सापडेना. कुठल्या तोंडानं बोलायचं? देवा, माझी पोर वाचव, मीच तिला पान्यावर बसवून धाडलीय? नवसालाही थोडं खरं लागतं. मी नुसतं ‘उजे, उजे’ करत राहिले.

एवढीच आशा होती की दाजी घाटमाथ्यावर थांबतील. घाट उतरायच्या आधी तिथल्या देवळापाशी नारळ फोडल्याशिवाय दाजी कधी पुढं जायचे नाहीत. तिथं पोचलो. देवळापुढं फुटक्या नारळाची ओली करवंटी पडली होती. गाडी नव्हती.

“पांढरी फियाट बघितली का?” ह्यांनी चहावाल्याला विचारलं.

“व्हय की. आत्ताच गेली. नारळ फोडला, च्या घेतला. बारकी पोर लई गोड हो, खोबरं खात नाचत हुती हितं.”

“किती वेळ झाला?”

“झाली असतील पाच-सात मिन्टं. काय विसरलं का काय?”

हे उत्तर द्यायला थांबले नाहीत.

घाट मी कितीतरी वेळा उतरले होते एस.टी.तनं, खिडकीशी बसून, शेंगा खात. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तो किती खोल आहे. डाव्या हाताला दगडी कठडा, मधेच तुटलेला, आणि पलीकडं काहीच नाही. खाली कोकणातली झाडं मुठीएवढी दिसत होती. हे गाडी असे हाकत होते की ब्रेकचा जळका वास यायला लागला. प्रत्येक वळण आलं की मी आधी कठड्याकडं बघायची. कठडा शाबूत दिसला की श्वास सोडायची. मग पुढचं वळण.

“डावं हाय हे, डाव्याला काय न्हाई,” हे मला सांगत होते. “आता उजवं. हे मोठं न्हाई. हे जमंल त्याला.”

तीन वळणं उतरल्यावर ती दिसली. दोन वळणं खाली, झाडीतनं, पांढरं टप सरकत होतं.

“दाजीऽऽ!” हे ओरडले. मीही ओरडले. एवढ्या अंतरावर काय ऐकू जाणार! मग ह्यांनी हॉर्न दाबून धरला. खालनं लगेच उत्तर आलं. पीं पीं, पीं पीं. दाजींनी हॉर्न वाजवला होता. घाटात कुणी वरनं वाजवला की खालच्यानं वाजवायचा, तशी पद्धतच असते. आणि खिडकीतनं एक लहानसा हात बाहेर आला आणि हलायला लागला.

मला वाटलं मी आता मागच्या मागं पडणार.

“धर नीट!” हे ओरडले. “खाली नालेचं वळण हाय!”

ते वळण मला ठाऊक होतं. घोड्याच्या नालेसारखं, उजवीकडं पार मागं फिरणारं. एस.टी.सुद्धा तिथं एका दमात वळत नाही. समोर कठडा नव्हताच, गेल्या पावसात दरड खचून तो गेला होता आणि तिथं चुना मारलेली नुसती चार पिंपं ठेवली होती.

मधली दोन वळणं आम्ही कशी घेतली मला माहीत नाही, मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा गाडी पुढं होती, पन्नास पावलांवर, आणि तिच्या पलीकडं पिंपं दिसत होती. ह्यांनी राजदूत उजव्या अंगानं आत घातली. समोरनं ट्रक आला असता तर आज हे सांगायला मी उरले नसते. दाजींच्या खिडकीला लागून आम्ही पुढं गेलो. दाजी हसत होते! त्यांना वाटलं आम्ही गंमत करतोय. ह्यांनी पुढं जाऊन राजदूत रस्त्यात आडवी घातली आणि मी उडी टाकली. पाय मुरगळला. तशीच दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

गाडी माझ्या अंगावर येत होती. काचेतनं उजूचं तोंड दिसत होतं, तोंडात खोबरं, ती मला बघून हसत होती. मी मनात म्हटलं, मला घाल खाली पण थांब.

दाजींनी ब्रेक दाबला. चाकं किंचाळली, गाडी खडीवरनं घसरत आली आणि माझ्या गुडघ्यापासनं हातभर अंतरावर थांबली.

“आरं, डोकं फिरलं काय तुमचं?” दाजी काच खाली करून ओरडले. “मराया आलात व्हय हितं?”

“बंद करा!” हे मला हाताला धरून बाजूला ओढत म्हणाले. “दाजी, गाडी बंद करा.”

“थांब, बाजूला तर घेऊ दे. वळणावर उभी हाय.”

आणि हे ‘नको’ म्हणायच्या आत दाजींनी गाडी जराशी पुढं सोडून स्टेअरिंग उजवीकडं कापलं. अर्ध्यापर्यंत फिरलं. मग आतनं कट्ट् असा आवाज आला. दाजींनी जोर लावला. त्यांच्या दंडाच्या शिरा वर आल्या. स्टेअरिंग जागचं हललं नाही.

दाजींनी ब्रेक दाबून धरला, समोरच्या पिंपांकडं बघितलं, मग पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या वन्संकडं बघितलं. हळूच गाडी बंद केली, गिअरमध्ये टाकली, हॅन्डब्रेक ओढला. ह्यांनी चारही चाकांना दगड लावले.

वन्सं पोरीला घेऊन उतरल्या. मी जाऊन उजूला त्यांच्या हातातनं घेतलं. घेतलं म्हणजे ओढलंच. पोर रडायला लागली, तिला काय झालं तेच कळेना.

“पाना ऱ्हायला गाडीत,” हे दाजींना सांगत होते. “माझ्या हातनं चूक झाली, दाजी. सापडल्याबिगर बोनेट लावलं मी. कधी न्हाई ते लावलं.”

“आरं, मीच घाई केली,” दाजी म्हणाले.

ह्यांनी बोनेट उघडलं. गरम वाफ बाहेर आली. हे माझ्याकडं बघून म्हणाले, “शेवंते, तेवढं बघतीस? तापलंय, जपून. वायच चाचपावं लागंल.”

मी उजूला वन्संकडं दिलं, पदर कोपराला गुंडाळून ते टेकवलं आणि हात आत घातला. डोकं काम करत नव्हतं. एकच घाई होती, ती वस्तू तिथनं निघावी, पोरीच्या आणि माझ्या जन्मातनं निघावी. मनगट चटका बसून पोळलं, मी तिकडं बघितलंही नाही. हात इंजिनाच्या कडेनं खाली गेला, दांड्याच्या मागं वळला, खाचेत शिरला. पाना तिथंच होता, आता घट्ट अडकलेला. “दाजी, स्टेअरिंग जरा डावीकडं सोडा,” मी म्हटलं. दांडा हलला, चिमटीत धरून मी पाना वर ओढला आणि ह्यांच्या हातात दिला.

सगळं मिळून इतका कमी वेळ लागला की उजूचे हुंदकेही थांबले नव्हते.

वन्सं माझ्या गळ्यात पडल्या. “तुझ्या हातानं वाचवलं गं बाई आम्हाला! कुठं मी पोर न्यायला निघाले! ने तुझी लेक, ने. माझंच चुकलं.” त्या रडत होत्या, मीही रडत होते. दाजी पिंपापाशी जाऊन खाली बघून आले आणि रस्त्यातच मटकन बसले.

हे मात्र पाना हातात घेऊन उभे होते. पान्याकडं बघत नव्हते, माझ्या हाताकडं बघत होते. मनगटाला ग्रीस लागलं होतं ते एकाच रेषेत, आत जाताना आणि येताना. इकडं तिकडं कुठंच काही लागलं नव्हतं. सकाळी मी केवढा वेळ चाचपत होते ते ह्यांनी शेजारी उभं राहून बघितलं होतं.

मी हात पदराखाली घेतला.

दाजी-वन्संची गाडी पहिल्या गिअरवर हळूहळू खाली गेली. आम्ही परत फिरलो. उजू पेट्रोलच्या टाकीवर पुढं बसली होती, हातातलं खोबरं संपलं म्हणून कुरकुरत होती. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. पोर घरी निघाली होती, वन्संनी स्वतःच्या तोंडानं तिला सोडली होती.

ह्यांनी घाटमाथा ओलांडला. मग गाडीचा वेग कमी केला. मागं न बघता विचारलं.

“सकाळी लागला हुता?”

“व्हय,” मी म्हटलं.

“पहिल्यांदा घातलास तवाच?”

“व्हय.”

ह्यांनी मान हलवली. मला वाटलं आता गाडी थांबवतील, दोन लगावतील, निदान शिव्या तरी देतील. मी तयार होते, खरं तर वाट बघत होते. पण उजू म्हणाली, “बाबा, मला हॉर्न वाजवू द्या ना,” आणि ह्यांनी तिला हॉर्न वाजवू दिला.

घरी आल्यावर पूजा झाली, पुरणपोळ्या झाल्या. ह्यांनी तीन खाल्ल्या. ही गोष्ट ह्यांनी कुणाला सांगितली नाही, बहिणीला नाही, उजूला नाही, भांडणात एकदाही तोंडावर फेकली नाही. माझ्यावर पुढंही कधी हात उगारला नाही. उजू आमच्याजवळच शिकली, आता तिची लेक कॉलेजला आहे. वन्सं शेवटपर्यंत येईल-जाईल त्याला सांगायच्या, आमच्या शेवंताच्या हातात देव आहे. हे तिथं बसलेले असायचे आणि ऐकून घ्यायचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र हे सकाळच्या गाडीनं कराडला गेले आणि येताना एक लोहचुंबक घेऊन आले. लांब, लवचिक काडीच्या टोकाला बसवलेलं. इंजिनात कुठंही वाकवून घालता यायचं. काही पडलं की ते आत सोडायचे आणि वस्तू चिकटून वर यायची.

पुढं एकोणीस वर्षं गॅरेज चाललं. एकदा, बऱ्याच वर्षांनी, एका गाडीच्या कार्बोरेटरमधला पितळेचा बारका जेट आत पडला. पितळेला चुंबक लागत नाही. हे तासभर खटपट करत होते, गिऱ्हाईक वैतागलं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. मी हात धुऊन, पुसून दारात येऊन उभी राहिले. ह्यांनी मला बघितलं. मग खाली बसले आणि रेडिएटरचे नट सोडायला लागले. सबंध रेडिएटर उतरवला, त्यामागनं हात घातला, चार बोटं सोलून घेतली आणि जेट काढला.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, “भाकरी झाली का?”

“झाली,” मी म्हटलं, आणि ताट वाढायला आत गेले.